हापूस न कापता साका ओळखता येईल काय?

पेटी उघडली, फळ रंगाला, वासाला, आकाराला उत्तम. परंतु सुरी लावताच कोयीलगतचा गर पांढरट, आंबट आणि स्पंजासारखा निघाला, हा अनुभव हापूसच्या बागायतदारांना नवा नाही. या विकृतीला आपण साका म्हणतो. साका झालेले फळ बाहेरून चांगल्या फळासारखेच दिसते. झाडावर ते ओळखता येत नाही, काढणीच्या वेळी ओळखता येत नाही आणि आढीत पिकल्यावरही ओळखता येत नाही. तो दिसतो तो ग्राहकाच्या ताटात. तेथे नुकसान एका फळाचे होत नाही. पेटीवर ज्या बागेचे नाव असते त्या नावाचे होते.

साका झालेले फळ पेटीत भरण्यापूर्वीच, न कापता वेगळे काढता येईल काय, असा प्रश्न बागायतदार बंधू नेहमी विचारतात. श्राव्यातीत ध्वनी, क्ष-किरण, अवरक्त किरण अशा साधनांनी फळ तपासण्याच्या बातम्याही त्यांच्या कानावर येतात. या पद्धती कशा चालतात, त्यांतून नेमके काय कळते आणि आज आपल्या हातात काय आहे, याची माहिती या लेखात दिली आहे.

नमुना कापून का भागत नाही?

आजवरची रूढ पद्धत म्हणजे ढिगातील दोन-तीन फळे कापून पाहणे. ती चांगली निघाली की सगळा माल चांगला, असे समजले जाते. यातील धोका साध्या हिशेबाने लक्षात येईल. समजा, एखाद्या मालात १०० फळांमागे १० फळे साक्याची आहेत. अशा मालातून कोणतीही ३ फळे उचलून कापली, तर १०० पैकी सुमारे ७३ वेळा तीनही फळे निर्दोष निघतील. बागायतदार निश्चिंत होईल. पण ४ डझनांच्या प्रत्येक पेटीत सरासरी ४ ते ५ फळे साक्याची जातील. याच मालातील २० फळे कापली तरी १०० पैकी सुमारे १२ वेळा साका नजरेतून सुटेल. ३० फळे कापली तर मात्र सुटण्याची शक्यता १०० मध्ये सुमारे ४ वर येते.

म्हणजे खात्री हवी तर फळे जास्त कापावी लागतात आणि कापलेले फळ विकता येत नाही. शिवाय कापलेल्या फळावरून बाकीच्या फळांविषयी अंदाज करता येतो, प्रत्येक फळाची खात्री देता येत नाही. वस्तूचा नाश न करता तिच्या आतील दोष शोधण्याच्या पद्धतींना अविनाशी तपासणी म्हणतात, आणि फळांच्या बाबतीत तिची गरज येथेच आहे.

अविनाशी तपासणी आपल्या ओळखीची आहे

नाव नवे वाटले तरी ही कल्पना जुनी आहे. माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारतो. खणखणीत आवाज आला तर माठ घेतो, बद्द आवाज आला तर तडा आहे असे समजून बाजूला ठेवतो. कलिंगडावर थाप मारून त्याची पक्वता ओळखली जाते. नारळ कानाजवळ हलवून पाण्याचा अंदाज घेतला जातो. माडाच्या खोडाला कान लावून आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या कुरतडत आहेत का, हे ऐकणारे जाणते बागायतदार आजही आहेत. उबवणुकीची अंडी अंधारात दिव्यासमोर धरून आतील गर्भ पाहण्याची रीत कुक्कुटपालकांना चांगली माहीत आहे.

या सर्व उदाहरणांत एकच तत्त्व आहे. वस्तूवर ध्वनी, प्रकाश किंवा अन्य प्रकारची ऊर्जा सोडायची आणि ती आतून जाऊन आल्यावर तिच्यात काय फरक पडला, यावरून आतील स्थिती ओळखायची. यंत्र हेच काम अधिक अचूकपणे करते. मात्र प्रत्येक पद्धत वस्तूचा एखादाच गुणधर्म मोजते, हे येथेच लक्षात ठेवावे. पुढील सर्व विवेचन या एका मुद्द्यावर अवलंबून आहे.

श्राव्यातीत ध्वनी म्हणजे काय?

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्याहून अधिक कंपनांच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. वटवाघूळ असा ध्वनी सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून अंधारातही भक्ष्य पकडते.

धातूतील दोष या ध्वनीने शोधता येतील, ही कल्पना रशियातील शास्त्रज्ञ सोकोलोव्ह यांनी १९२८ मध्ये मांडली. पुढे १९४० च्या सुमारास अमेरिकेत फायरस्टोन यांनी प्रतिध्वनीवर चालणारे उपकरण तयार केले. पोलादावर शोधक टेकवून ध्वनीचा लहानसा ठोका आत सोडला जातो. पोलाद सलग असेल तर ठोका पलीकडच्या पृष्ठभागावरून परत येतो. मध्ये तडा असेल तर तड्यावरूनच आधी परततो. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. वेग माहीत असल्यामुळे, परत येण्यास लागलेल्या वेळेवरून तडा किती खोल आहे, हे काढता येते. रेल्वेच्या रुळांतील न दिसणारे तडे शोधण्यासाठी हीच पद्धत वापरतात. रुळावरून ढकलगाडीसारखे उपकरण घेऊन चालणारे कर्मचारी अनेकांनी पाहिले असतील. त्यांच्या उपकरणातून रुळावर पाणी सोडलेले असते. शोधक आणि पोलाद यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनी आत शिरत नाही, म्हणून ही फट पाण्याने भरून काढावी लागते.

पशुपालकांनाही ही पद्धत अपरिचित नाही. गाई-म्हशींची सोनोग्राफी हा याच ध्वनीचा उपयोग होय. हाताने गाभण तपासणी करण्यास साधारण दीड ते दोन महिने थांबावे लागते. सोनोग्राफीने अनुभवी पशुवैद्य सुमारे एक महिन्यात गर्भधारणा सांगू शकतो. जनावर माजावर न आल्यामुळे गाभण आहे असे समजून वाया जाणारे दिवस त्यामुळे वाचतात.

मग आंब्यात अडचण कोठे येते?

जी हवेची फट रुळावर पाण्याने भरता येते, ती फळात भरता येत नाही. फळाच्या गरात पेशींच्या मधल्या जागेत हवेचे असंख्य सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यावर ध्वनी विखुरतो आणि थोड्याच अंतरात क्षीण होतो. पोलादासाठी सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा ध्वनी वापरतात. तो फळात फार आत पोहोचत नाही. म्हणून फळांसाठी सेकंदाला ५०,००० कंपनांच्या आसपासचा ध्वनी घ्यावा लागतो. कंपने कमी केली की ध्वनी खोल जातो, पण बारीक दोष दाखविण्याची त्याची क्षमता कमी होते. त्यातच हापूसच्या मध्यभागी कठीण कोय असल्याने एका बाजूने सोडलेला ध्वनी सरळ दुसऱ्या बाजूला पोहोचत नाही.

इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आंबा व ॲव्होकॅडो या फळांवर या दिशेने काम केले. फळाच्या एकाच बाजूला दोन शोधक थोड्या अंतरावर टेकवून, गरातून जाताना ध्वनी किती क्षीण होतो, हे त्यांनी मोजले. फळ मऊ होत जाते तसे हे प्रमाण बदलते असे आढळून आले. म्हणजेच या पद्धतीने फळाचा मऊपणा व पक्वतेची अवस्था यांचा अंदाज बांधता येतो. साका मात्र बहुधा कोयीलगत सुरू होतो. तेथपर्यंत पोहोचून, एकेक फळ वेगाने तपासणे ध्वनीला कठीण जाते.

ऐकू येणाऱ्या ध्वनीचाही उपयोग होतो. फळावर हलकी टिचकी मारून निघणारा आवाज सूक्ष्मग्राहकाने टिपतात. घट्ट फळाचा आवाज उंच, मऊ फळाचा खालचा असतो. या आवाजाची वारंवारता आणि फळाचे वजन यांवरून घट्टपणाचा निर्देशांक काढतात. कलिंगडावरील थापेचेच हे मोजमापात बसविलेले रूप होय.

क्ष-किरण आणि अवरक्त किरण

साका शोधण्याच्या दृष्टीने क्ष-किरणांचे काम अधिक थेट आहे. क्ष-किरण दाट भागात जास्त शोषले जातात आणि विरळ भागातून सहज पार होतात. साक्याच्या गरात पुष्कळदा हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे चित्रात तो भाग निरोगी गरापेक्षा वेगळा दिसतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात हापूसच्या फळांवर असे प्रयोग केले. साका, तसेच कोयीतील भुंगा, या दोन्हींसाठी क्ष-किरण चित्राचा उपयोग होतो असे त्यांनी दाखवून दिले. मात्र जेथे पोकळी झालेली नाही, गर केवळ पांढरट व आंबट झाला आहे, तेथे घनतेतील फरक कमी असल्याने दोष ओळखणे अवघड जाते.

क्ष-किरण तपासणी आणि विकिरण प्रक्रिया यांत गल्लत करू नये. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘कृषक’ केंद्रात कांदा, आंबा इत्यादी मालावर गॅमा किरणांची प्रक्रिया करण्याची सोय झाली. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेल्या आंब्यावर ही प्रक्रिया करण्यात आली होती. तिचा हेतू कीड निष्प्रभ करण्याचा आहे. तिने साका शोधला जात नाही आणि बराही होत नाही. दोन्ही पद्धतींत फळ किरणोत्सर्गी होत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

तिसरी पद्धत निकट-अवरक्त किरणांची. डोळ्यांना दिसणाऱ्या लाल रंगाच्या पलीकडचा हा प्रकाश होय. पाणी, साखर, प्रथिने हे घटक त्यातील ठराविक भाग शोषून घेतात. परत आलेल्या प्रकाशात कोणता भाग किती कमी झाला, यावरून घटकांचे प्रमाण काढतात. अमेरिकेत कार्ल नॉरिस यांनी धान्यातील ओलावा मोजण्यासाठी या पद्धतीचा पाया घातला. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पीच फळांची गोडीनुसार प्रतवारी तिने होऊ लागली. आंब्यातील शुष्क पदार्थ व साखर यांचा अंदाज हिने चांगला येतो. परंतु हा प्रकाश सालीखाली थोड्याच खोलीपर्यंत पोहोचतो. शिवाय ज्या जातीच्या व ज्या भागातील फळांवर उपकरणाची जुळणी केली असेल, त्याच फळांबाबत त्याचे आकडे विश्वसनीय असतात.

कोणती पद्धत काय सांगते?

१) श्राव्यातीत ध्वनी : गराचा मऊपणा व पक्वतेची अवस्था.
२) टिचकीचा आवाज : संपूर्ण फळाचा घट्टपणा.
३) क्ष-किरण : आतील घनतेतील फरक, पोकळ्या, कोयीतील भुंगा.
४) निकट-अवरक्त किरण : साखर, शुष्क पदार्थ, पाणी.
५) पाण्यात तरंगणे वा बुडणे : संपूर्ण फळाचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजेच काढणीच्या वेळची पक्वता.

साका म्हणजे यांपैकी एकच कोणता गुणधर्म नव्हे. त्यात गराची घनता बदलते, आम्लता वाढते, साखर कमी राहते. त्यामुळे एकाच मोजमापावरून प्रत्येक फळाची हमी देणारे साधन कोणी विकावयास आणले, तर बागायतदारांनी ते आपल्याच बागेतील फळांवर चालवून पाहावे. उपकरणाने चांगली ठरविलेली ३० आणि सदोष ठरविलेली ३० फळे पिकवून कापावीत आणि मगच निर्णय घ्यावा.

आजच करता येण्याजोगी तपासणी

वरील यादीतील शेवटची पद्धत बिनखर्चाची असून कोणाही बागायतदारास करता येते. कोवळ्या आंब्याचे विशिष्ट गुरुत्व १ पेक्षा कमी असते. फळ जून होत जाते तसे ते वाढते. हापूस साधारण चौदा आणे तयार झाला, म्हणजे ८० ते ८५ टक्के पक्व झाला की काढावा, अशी शिफारस आहे. त्याहून अधिक जून झालेल्या फळांत साक्याचे प्रमाण जास्त आढळते. याचे एक कारण बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अभ्यासातून पुढे आले आहे. फळ झाडावर असतानाच कोय रुजण्याच्या तयारीला लागते आणि त्यासाठी गरातील पाणी व अन्नांश वापरते, असे त्यात दिसून आले. उन्हाने तापलेल्या जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेचाही साक्याशी संबंध जोडला जातो.

तपासणी पुढीलप्रमाणे करावी.

१) दोन टाक्या किंवा मोठी घमेली घ्यावीत. एकीत स्वच्छ साधे पाणी घ्यावे. दुसरीत १० लिटर पाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात मीठ पूर्ण विरघळवावे. या द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०१५ येते.

२) काढणीच्या दिवशीच, देठाचा चीक गळून गेल्यावर, फळे प्रथम साध्या पाण्यात सोडावीत. तरंगणारी फळे कोवळी समजून वेगळी ठेवावीत.

३) बुडालेली फळे मिठाच्या पाण्यात सोडावीत. जी तरंगतील ती योग्य पक्वतेची. ती दूरच्या बाजारासाठी व पेटीसाठी ठेवावीत.

४) मिठाच्या पाण्यातही बुडणारी फळे अधिक जून असतात. ती दूर न पाठविता जवळच्या बाजारात लवकर विकावीत किंवा रस काढण्याकडे वळवावीत.

५) मिठाच्या पाण्यातील फळे साध्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण कोरडी करूनच आढी घालावी. पाणी गढूळ होताच बदलावे, अन्यथा एका फळाची कूज दुसऱ्यास लागते.

ही तपासणी पक्वता सांगते, साका दाखवीत नाही. योग्य गटातील एखादे फळही साक्याचे निघू शकते. तिचा उपयोग ज्या फळांत धोका अधिक आहे ती बाजूला काढण्यापुरता आहे. आपल्या बागेत हा उपयोग कितपत होतो हे पाहण्यासाठी हंगामाच्या सुरुवातीस एकदा आणि मध्यावर एकदा, योग्य व जून या दोन्ही गटांतील प्रत्येकी ३० फळे बाजूला ठेवावीत. फळे निवडून घेऊ नयेत. लहान-मोठी जशी हाताला येतील तशी घ्यावीत. ती पूर्ण पिकवून कापावीत आणि साक्याची फळे मोजून वहीत लिहून ठेवावीत. साठ फळांचा हा खर्च वाटतो खरा. पण दोन-तीन हंगामांची अशी नोंद झाली की कोणत्या उतारावरच्या, कोणत्या कलमांची फळे केव्हा काढावीत, याचे उत्तर आपल्या बागेपुरते मिळू लागते.

साका होऊ नये म्हणून

तपासणी कितीही चांगली झाली तरी झालेला साका दुरुस्त करता येत नाही. म्हणून काढणीपूर्वीची व काढणीच्या वेळची काळजी महत्त्वाची ठरते.

१) फळे चौदा आणे तयार होताच काढावीत. सर्व फळे एकाच वेळी न उतरविता दोन-तीन वेळा विभागून काढणी करावी.

२) काढणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी ऊन उतरल्यावर करावी. कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने, देठासह फळ काढावे.

३) काढलेली फळे उन्हात किंवा तापलेल्या कातळावर क्षणभरही ठेवू नयेत. क्रेट झाडाच्या सावलीत ठेवून लवकरात लवकर शेडमध्ये न्यावेत.

४) कलमांखाली वाळलेल्या गवताचे किंवा पाल्याचे आच्छादन करावे. त्यामुळे जमीन कमी तापते. मात्र वणव्यापासून जपण्यासाठी बागेभोवती जाळपट्टा अवश्य काढावा.

५) नवीन लागवड करताना काही कलमे रत्ना या जातीची लावण्याचा विचार करावा. कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये प्रसारित केलेली, नीलम व हापूस यांच्या संकरातून तयार झालेली ही जात साक्यापासून मुक्त आहे.

क्ष-किरणाने पेटीतील प्रत्येक फळ तपासणारी यंत्रे एकट्या बागायतदारास परवडणारी नाहीत. सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या व पॅकिंग केंद्रे यांनी मिळून त्यांचा विचार केल्यास ते शक्य होईल. तोपर्यंत वेळेवर काढणी, दोन टाक्या, थोडे मीठ आणि नोंदीची वही ही साधने प्रत्येकाजवळ आहेत. येत्या हंगामात निदान एका काढणीच्या मालावर तरी बागायतदार बंधूंनी ही तपासणी करून पाहावी. आपल्या नावाची पेटी ग्राहकाच्या घरी उघडली जाते तेव्हा आपण तेथे नसतो. आपल्या वतीने बोलते ते आतले फळच.